गुळेदगुड्डचा हातमागाचा खण : शिवणाऱ्याच्या नजरेतून

बेळगावच्या खडेबाजारात आणि शहापूरच्या कापडपेठेत खणाचे तागे बाराही महिने मांडलेले असतात. मात्र त्या ढिगात बागलकोट जिल्ह्यातील गुळेदगुड्डच्या हातमागावर विणलेला खण आणि पॉवरलूमवरचा पॉलिएस्टर खण शेजारीशेजारीच पडलेले असतात, आणि पुष्कळदा दोन्हींना सरसकट ‘खण’ एवढेच म्हटले जाते. चोळ्या, परकर-पोलकी, पिशव्या आणि तोरणे मी दोन्ही प्रकारच्या कापडांतून शिवत आले आहे. अंगावर घालायच्या कपड्यासाठी हातमागाच्या खणाला पर्याय नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

ओळखीची पहिली खूण म्हणजे पन्हा, म्हणजेच कापडाची रुंदी. हातमागाचा खण साधारण ३० इंचांच्या आसपास अरुंद असतो आणि त्याला दोन्ही बाजूंना काठ असतो; पॉवरलूमचा बहुधा ४४ इंची किंवा त्याहून रुंद मिळतो. त्यानंतर कापड उलटे करून पाहावे. खणाची नक्षी ताण्यातल्या, म्हणजे उभ्या, जादा धाग्यांनी उठवलेली असते आणि जिथे ती वर दिसत नाही तिथे हे धागे मागच्या बाजूने मोकळे पडलेले असतात. तरीही खात्री नसेल, तर कडेचा एक उभा आणि एक आडवा धागा काढून जाळून पाहावा. सूत कागदासारखे जळते आणि त्याची मऊ राख होते, रेशमाला जळक्या केसांचा वास येतो, तर पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. पेठेतल्या एका दुकानात शुद्ध सुती म्हणून दाखवलेल्या खणाच्या दोन्ही धाग्यांचे असेच मणी झाले, तेव्हा ‘हल्ली सगळा खण असाच येतो’ असे सांगून विक्रेत्याने विषय संपवला. ही गोष्ट मला फार खटकली, कारण दाम मोजणाऱ्याला कापड कशाचे आहे हे कळलेच पाहिजे.

शिवताना हे कापड काळजी मागते. मागचे मोकळे धागे बांगडीत आणि हुकात अडकतात, म्हणून अस्तराशिवाय चोळी शिवू नये. अस्तराला रुबिया हे तलम सुती कापड उत्तम. कापलेली कड लगेच सुटू लागते, त्यामुळे शिवणीच्या आत नेहमीपेक्षा थोडे जास्त कापड सोडावे आणि कड सुटू नये म्हणून इंटरलॉकची शिलाई आधीच करून घ्यावी. खणाची सगळ्यांत सुंदर गोष्ट म्हणजे त्याचा धूपछाव रंग: ताणा एका रंगाचा आणि बाणा (आडवा धागा) दुसऱ्या रंगाचा असल्याने हलताना कापड रंग बदलल्यासारखे वाटते. याच कारणामुळे कापड वाचवण्यासाठी बाह्या आडव्या कापल्या, तर त्या अंगाच्या भागापेक्षा वेगळ्याच छटेच्या दिसतात आणि नक्षीच्या उभ्या रेघाही मोडतात. सगळे भाग एकाच दिशेने कापायचे, तर अरुंद पन्ह्यात चोळीला सव्वा मीटर तरी धरावे लागते. दुकानदार त्याहून कमी सांगेल, पण त्याचे ऐकू नये.

गडद लाल आणि निळ्या रंगाच्या बाबतीत मी अधिक सावध असते. पांढरा सुती रुमाल ओला करून कापडावर घासला आणि त्यावर रंग उतरला, तर तो खण पांढऱ्या अस्तराबरोबर वापरू नये. सुती खण पहिल्या पाण्यात आटतो, म्हणून तो कापण्यापूर्वीच थंड पाण्यात बुडवून सावलीत वाळवावा आणि उलट बाजूने इस्त्री करावी.

पॉवरलूमचा खण टाकाऊ आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. तोरण, आरतीच्या ताटावरचा रुमाल, डायरीचे वेष्टन, भेटवस्तूची बटवी अशा कामांना तो स्वस्त पडतो, रुंद असल्याने तुकडे कमी वाया जातात आणि तो आटतही नाही. इस्त्री तेवढी मंद ठेवावी. उन्हाळ्यात घालायच्या पोलक्याला मात्र तो अजिबात घेऊ नये, कारण तो घाम शोषत नाही, आणि लहान मुलीला तर तो टोचतोच.

हातमागाचा खण अर्थातच महाग आहे, पण इरकली साडीवर घालायची चोळी शिवायची असेल, तर तेवढे पैसे मी आनंदाने देते. बिलावर ‘हातमाग, सुती’ असे लिहून मागितल्यावर जो दुकानदार का-कू न करता लिहून देतो, त्याच्याकडूनच मी ताग्यातून कापड फाडून घेते.