ॲटलस स्टोन की सँडबॅग? दुखऱ्या कंबरेनं मैदानात परतणाऱ्यांसाठी

मणक्याची गादी सरकलेल्या माणसाला दोन गोष्टींची धास्ती असते: शिंक आणि जमिनीवर पडलेली वस्तू. शिंकेचं आपल्या हातात नाही. जमिनीवरून काय उचलायचं ते मात्र ठरवता येतं, आणि स्ट्राँगमॅनमध्ये, म्हणजे अवजड वस्तू उचलण्या-वाहण्याच्या स्पर्धांत, परतणाऱ्यापुढे पहिला खरा प्रश्न तोच असतो.

योक (खांद्यांवर जड चौकट घेऊन चालणं), फार्मर्स वॉक (दोन्ही हातांत वजनं घेऊन चालणं) यांची मला फारशी चिंता नव्हती. फार्मर्सचं वजन अंगाच्या दोन्ही बाजूंना असतं, कंबर ताठ राहते. योकचा दाब मणक्यावर पडतो खरा, पण वाकावं लागत नाही. डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरून वजन घेऊन ताठ उभं राहायला, सरळ बार सोडून हेक्स बार (मध्ये उभं राहायचा षटकोनी बार) धरला आणि तो विषय तिथेच मिटवला. अडलं ते गोल वस्तूंपाशी: स्टोन म्हणजे काँक्रीटचा गोळा, सँडबॅग म्हणजे वाळूची पिशवी. स्टोन मांडीवर घेताना पाठ थोडी गोल होतेच. काठीसारख्या ताठ पाठीनं स्टोन घेणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. सँडबॅगचंही तेच. धोका दोन्हींत आहे, आणि स्पर्धेत दोन्हींपैकी एक बहुतेक असतंच. मग सुरुवात कशानं करायची?

मी मूळचा कोल्हापूरकडचा, तालमीत जोर-बैठका मारून मोठा झालेला, आता नोकरीनिमित्त इंग्लंडात लीड्सला. जुलै २०१६मध्ये इथल्याच अरीनात ब्रिटिश स्ट्राँगमॅन एडी हॉलनं ५०० किलोची डेडलिफ्ट मारली, तेव्हा वरच्या कुठल्याशा रांगेत मी घसा फोडून ओरडत होतो. पुढच्या वर्षी ९० किलोखालच्या गटात एका छोट्या स्पर्धेला उतरलो आणि डेडलिफ्टच्या सातव्या रेपला कंबरेत असं काही झालं की पुढची काही वर्षं बुटाच्या नाड्या बांधणं हाच माझा इव्हेंट होता. एल-फोर एल-फाइव्ह (कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी), डाव्या पायात सायटिका, सगळं नेहमीचंच. मधली सहा वर्षं चालणं आणि पाठीच्या दुखण्याचे कॅनेडियन संशोधक मॅकगिल यांचे ते तीन कंटाळवाणे व्यायाम. आता वय ४४, गट मास्टर्स, म्हणजे वयानं मोठ्यांचा.

परतल्यावर पहिल्यांदा हात गेला तो स्टोनकडेच. जाणारच. आमच्या गावच्या मारुतीपुढे एक गोटा होता. त्याचं वजन कुणी केलं नव्हतं. खांद्यावर गेला की पोरगा मोठा झाला, एवढाच हिशोब. आइसलँडमधल्या हुसाफेलचा १८६ किलोचा दगड असो की आमचा तो गोटा, दगडाला माणूस सगळीकडे सारखाच भुलतो. स्कॉटिश स्ट्राँगमॅन टॉम स्टॉल्टमननं २०२०मध्ये २८६ किलोचा स्टोन बारवरून पलीकडे टाकला तो व्हिडिओ मी अंथरुणात पडून किती वेळा पाहिला असेल, सांगत नाही.

स्टोनची एक गोष्ट मला फार आवडते: तो बदलत नाही. आज जिथे हात घातला तिथेच उद्या घालायचा. सहा वर्षांनी हातांना पकड विसरली असेल असं वाटलं होतं, पण दुसऱ्याच दिवशी सगळं आठवलं. सँडबॅग त्या मानानं अगदीच बेभरवशाची. वाळू एका बाजूला सरते, कापड हातातून निसटतं, छातीशी घट्ट धरली की श्वास घ्यायची पंचाईत. पहिले तीन आठवडे मी तिला कोल्हापुरी भाषेत बरंच काही बोललो.

तरीही स्टोन बाजूला ठेवला. त्याचं कारण मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

हलका स्टोन म्हणजे लहान स्टोन. काँक्रीटचा १०० किलोचा गोळा साधारण १७ इंचांचा होतो, ६० किलोचा जेमतेम १४ इंचांचा. दुखापतीनंतर शहाणा माणूस हलक्यापासून सुरुवात करतो. पण स्टोन जितका हलका, तितका तो जमिनीलगत, आणि तितकं जास्त खाली जावं लागतं. म्हणजे ज्या आठवड्यांत वाकणं सगळ्यात कमी हवं, नेमक्या त्याच आठवड्यांत तो सगळ्यात जास्त वाकवतो. ६० किलो माझ्यासाठी वजन म्हणून काहीच नव्हतं. पण रोज रात्री कंबर बोलत होती आणि मला वाटायचं, एवढ्याशा वजनाला ही अशी करते म्हणजे आपलं आता संपलं. नंतर कळलं की दुखणं वजनाचं नव्हतं, त्या तीन-चार इंचांचं होतं.

उपाय करून पाहिले. टायरवर ठेवला, तर तो भोकात अर्धा जाऊन बसला, खाली हातच जाईनात. रबर मॅटची चवड केली, तर घरंगळून थेट पायाच्या बोटांशी. त्यात आमच्या जिममध्ये ६०, ८० आणि १००. मधलं काही नाही. ८० सुटायला लागला म्हणून एका शनिवारी १००ला हात घातला आणि अशी उसण भरली की आठवडाभर मुलगी मोजे चढवून देत होती. चूक माझीच. पण मध्ये ८७ किलोचा स्टोन असता, तर ती झाली नसती असं अजूनही वाटतं.

सँडबॅगमध्ये आकार आणि वजन यांची गाठ सुटते, आणि माझ्या लेखी सगळा फरक एवढाच आहे. मी १०० किलोची पिशवी घेतली आणि ती स्टोव्हमध्ये जाळायच्या लाकडी पेलेटनी गच्च भरली. अंगानं मोठी, वजनाला पन्नासच्याही आत. हात फार खाली न्यावे लागत नव्हते. मग दर आठवड्याला थोडे पेलेट काढायचे आणि दोन-तीन किलो कोरडी वाळू घालायची. उंची तीच, वजन नकळत वाढत गेलं. नऊ महिन्यांनी पिशवी पूर्ण वाळूची झाली, तोवर कंबरेला पत्ताच लागला नव्हता. हे काही शास्त्रीय मोजमाप नाही, एका कंबरेचा अनुभव आहे. तुमची गादी वेगळी, तुमचा फिजिओ वेगळा.

पिशवीचे ताप सांगतो. वाळू आतल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून घाला, नाहीतर गाडीच्या डिकीत गणपतीपुळे होतं. ओली वाळू भरू नका, कुबट वास येतो. आणि पिशवी अर्धवट भरलेली ठेवू नका: ती पसरते, चपटी होते, आणि पुन्हा तेच जमिनीला हात लावणं.

स्टोनच्या टॅकीबद्दल, म्हणजे पकडीसाठी हातांना फासायच्या चिकट लेपाबद्दल, न बोललेलंच बरं. इथल्या थंडीत ती कडक होते, कोपरापर्यंत फासावी लागते आणि मग निघता निघत नाही. तेलानं निघते म्हणून आईनं पाठवलेलं खोबरेल घेऊन गेलो, तर ते बाटलीत थिजलेलं. स्टिअरिंगवर अजून डाग आहेत.

एक गोष्ट दोन्हींना लागू, आणि ती मला सगळ्यात जड गेली. उठल्यावर पहिला तासभर वाकायचं नाही. रात्रभरात गादी पाण्यानं फुगलेली असते. पहाटे मेहनत करण्यात ज्याचं लहानपण गेलं त्याला संध्याकाळी व्यायाम म्हणजे शिळी भाकरी वाटते. पण करतो.

स्टोन कुणी घ्यावा? ज्यांची कंबर वर्षभर गप्प आहे, ज्यांच्या जिममध्ये दहा-दहा किलोंच्या फरकानं स्टोन आहेत, किंवा ज्यांच्या स्पर्धेला जेमतेम तीन महिने उरलेत आणि यादीत स्टोन छापलेला आहे, त्यांनी. कारण छातीवरून ओट्यावर लोटायची ती शेवटची ढकल पिशवी शिकवत नाही. पिशवी टाकली की पडून राहते. स्टोन परत अंगावर येतो. बाकीच्यांना मी, विचारलंच तर, पिशवीच सांगेन, निदान पहिलं वर्ष.

माझ्या पुढच्या स्पर्धेची यादी परवा आली. चौथा इव्हेंट सँडबॅग ओव्हर बार, १०० किलो, ६० सेकंदांत जितक्या होतील तितक्या. पाचवा स्टोनची रांग, १०० किलोपासून वर. चौथ्यात जीव तोडून खेळणार आहे. पाचव्यात पहिला स्टोन ओट्यावर ठेवीन, पंचांना हात करीन आणि बाजूला होईन. बायकोला तसं कबूल केलंय.