कूलरचा बर्फाचा कप्पा: एका उन्हाळ्यानंतरचा अनुभव

परभणीत राहतो. 40 लिटरच्या प्लास्टिक कूलरबद्दल सांगण्यासारखं फार नाही. हवा फेकतो, आवाज करतो, रिमोट पोरांनी पळवला. मे महिन्यात पंप बंद पडला आणि सर्व्हिसवाल्याशी वाजलं, म्हणून लिहायला बसलो. पोरगा आला, पंप बघितला, "काका, बोअरचं पाणी आहे, वॉरंटीत बसत नाही," म्हणाला. वर जाता जाता सल्ला, "गार हवा पाहिजे तर बर्फ टाकत जा की."

त्याच बर्फाच्या कप्प्यासाठी या मॉडेलला हजारभर रुपये जास्त मोजलेत. त्याचा हिशोब ऐका. एक किलो बर्फ वितळताना 334 किलोज्यूल उष्णता घेतो. एक लिटर पाणी ताटीवरून (कूलरच्या बाजूची ओली जाळी) उडून जाताना साधारण 2400 घेतं. म्हणजे पाच किलो बर्फ टाकला तरी पाऊण लिटर पाणी उडाल्याएवढाच गारवा, आणि भर दुपारी हा कूलर तेवढं पाणी काही मिनिटांत उडवतो. त्यातून बर्फ घरच्या फ्रीजमध्ये केलेला असेल, तर त्याची उष्णता फ्रीजने आधीच मागच्या जाळीतून स्वयंपाकघरात सोडलेली असते, विजेचं बिल वेगळं. कप्पा कशासाठी दिलाय? दुकानात झाकण उघडून दाखवायला.

खरं काम करते ती आपली कोरडी हवा. 42 अंश आणि 20 टक्के आर्द्रता असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर 24 च्या आसपास थांबतो. कूलर त्याच्या खाली जात नाही. ताट्या चांगल्या भिजलेल्या असतील तर 27-28 ची हवा येते. समोरची खिडकी मात्र उघडी पाहिजे, म्हणजे दमट झालेली हवा बाहेर पडते. आमच्या अण्णांना ते पटत नाही, "गार हवा बाहेर जाती" म्हणून उठून लावून घेतात. अर्ध्या तासात खोलीत घामाची चिकचिक. जुलैत पाऊस लागला की आर्द्रता 80 च्या वर, तेव्हा हा नुसता पंखा.

पंपाचं म्हणाल तर, पाणी उडतं, क्षार उडत नाहीत. टाकीत नुसती भर घालत राहिलं की ते साचत जातात, ताटीवर पांढरी पापडी धरते आणि पंपाची जाळी चोंदते. आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करा, जाळी लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवून ठेवा. पापडी सुटते. ही एक ओळ माहितीपुस्तिकेत छापायला कंपनीचं काय जात होतं? तिथं बर्फाच्या कप्प्यावर अख्खं पान आहे!

इथपर्यंत दोन तारे देणार होतो. पण जूनच्या सुरुवातीला वादळानं लाईट गेली ती रात्रभर आली नाही. हा इन्व्हर्टरवर निवांत चालला. गल्लीतले एसीवाले गच्चीवर, आम्ही खाली पांघरूण घेऊन. म्हणून तीन.

घ्यायचाच असेल तर बिनकप्प्याचं मॉडेल घ्या. जागा असेल तर पत्र्याचा, गवताच्या ताट्यांचा लोकल कूलर बघा. त्याचा पंप कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो आणि बसवायला स्क्रूड्रायव्हर पुरतो. वॉरंटी कार्ड लागत नाही.