जुन्या 407 मध्ये इंजिन बदल आणि पावण्याच्या गॅरेजची ‘एमिशन सफाई’

ठाणे-बेलापूर रस्ता सोडून पावणे एमआयडीसीत आत वळलं की पत्र्याच्या शेडमधली डिझेल गॅरेजं लागतात. त्यातलं एक गॅरेज जुन्या टाटा 407 मध्ये दुसरं इंजिन बसवून देतं. सांगाडा धडधाकट पण इंजिन दमलेलं, अशा गाड्या तिथे रांगेत दिसतात. काही मालवाहू, काही कॅम्पर करायला घेतलेल्या. त्यांच्या कोटेशनमध्ये मजुरी 35 हजार आणि खाली वेगळी ओळ: ‘एमिशन सफाई, 6,500’, म्हणजे प्रदूषण कमी करायला इंजिनावर बसवलेलं सामान काढून टाकणं. हा रिव्ह्यू मुख्यतः त्या ओळीचा, कारण बाकीच्या कामात नाव ठेवायला फारशी जागा नाही.

बाकीचं काम थोडक्यात. 407 बाजारात आली 1986 मध्ये, तिचं मूळचं 497 इंजिन चार सिलिंडरचं, 97 मिमी बोअर, 100 मिमी स्ट्रोक, 2956 सीसी. त्याच कुळातलं टर्बो इंजिन घेतलं तर माउंटिंगची फारशी ओढाताण होत नाही, आणि हे गॅरेज ती करतही नाही. माउंटिंगचे रबर नवे टाकतात, क्लच प्लेट डमी शाफ्ट घालून मध्यावर आणतात, इंटरकूलरचे पाइप चासीला घासणार नाहीत असे बांधतात. वायरिंगवर टेप नाही, नळी चढवलेली असते. इथवर शाबासकी.

आता सफाई. मिस्त्रींचं ठरलेलं वाक्य: “साहेब, हे सगळं काढून टाकतो, इंजिन मोकळं होईल.” या ‘सगळं’मध्ये नेमकं काय येतं ते गाडी सोडायच्या आधी कागदावर लिहून घ्या.

मेकॅनिकल पंपाचं टर्बो इंजिन असेल आणि त्यावर ईजीआर असेल, तर त्यांचं काम बहुतांशी पक्कं आहे. एक्झॉस्टचा थोडा धूर इनटेकमध्ये परत सोडून ज्वलनाचं तापमान खाली ठेवायचं, म्हणजे नायट्रोजन ऑक्साइड कमी होतात, एवढाच ईजीआरचा उद्योग. इंजिन चालायला त्याची गरज नसते. उलट जुन्या इंजिनात त्या धुरातली काजळी ब्रीदरमधून (क्रँककेसमधला वायू बाहेर सोडणारी वाट) आलेल्या तेलात कालवली जाते आणि मॅनिफोल्डमध्ये डांबरासारखा थर बसतो. इथे ईजीआर पाइप काढून एक्झॉस्टच्या बाजूला 6 मिमी स्टीलची प्लेट, खाली स्टीलचं पॅकिंग, एम-8 बोल्ट टॉर्क पान्याने 25 न्यूटन मीटर. इंजिन एकदा गरम होऊन गार झालं की बोल्ट पुन्हा ताणतात, आणि बहुतेक गॅरेजं नेमकं हेच विसरतात. बाजारात मिळणारी ॲल्युमिनियमची पातळ प्लेट एक्झॉस्टच्या बाजूला चालत नाही. ती तापून वाकते, कडेने फुसफुस सुरू होते, आणि टर्बोला जायची हवा तिथूनच निसटते. सिलिकॉनही त्या बाजूला नको, जळून जातं. इनटेकच्या बाजूला 3 मिमी ॲल्युमिनियम आणि कागदी पॅकिंग पुरेसं.

पाण्याच्या बाजूला मात्र काम गचाळ. ईजीआर कूलर निघाला की त्याला येणारे दोन होज उघडे पडतात. इथे त्या होजमध्ये एक-एक बोल्ट कोंबून वरून क्लिप आवळलेली असते. सपाट रस्त्यावर, पाम बीचवर, काही होत नाही. घोडबंदरला गायमुखचा चढ भरलेल्या गाडीने चढताना दाब वाढतो, बोल्टचे आटे रबर कापतात, बोल्ट उडतो, पाणी जातं आणि पाठोपाठ हेड गॅस्केट. कूलर समांतर फाट्यावर असेल तर दोन्ही तोंडं ब्लॉकपाशीच आट्याच्या प्लगने बंद करायला हवीत. पाणी कूलरमधूनच पुढे जात असेल तर दोन्ही टोकं एका पाइपने जोडायची. तिथे तोंडं बंद केली तर पुढचा फेराच थांबतो. कुठला प्रकार आहे ते होज कुठून निघून कुठे जातो हे बघूनच कळतं. विचारून करून घ्या, सांगितलं की करतात.

मॅनिफोल्डचा थर काढण्याची पद्धतही विचारा. ओतीव लोखंड गरम कॉस्टिकच्या टाकीत टाकलं तर चालतं. ॲल्युमिनियमचा मॅनिफोल्ड त्याच टाकीत पडला की धातूच विरघळतो, पृष्ठभाग खडबडीत होतो आणि पॅकिंग बसत नाही. डिझेल, ब्रश आणि धीर, एवढंच त्याला लागतं.

आता ज्या गोष्टी ‘एमिशनचं सामान’ म्हणून निघतात पण निघायला नकोत. पहिली, ब्रीदर. त्याची नळी इनटेकमधून काढून कॅच कॅनकडे (तेल साठवणारा डबा) नेली तर ठीक, पण तोंड बंद केलं तर क्रँककेसमधला दाब मागच्या मेन सीलमधून तेल बाहेर ढकलतो, आणि मग दोष नव्या सीलला दिला जातो. दुसरी, इनटेक मॅनिफोल्डपासून पंपाच्या डोक्यावर जाणारी बारीक नळी. दिसायला व्हॅक्यूमची वाटते, म्हणून काढून रबरी टोपी घालतात. ती बूस्टची असते. टर्बोचा दाब वाढला की त्याच हिशेबाने डिझेल वाढवायचं हे ती पंपाला सांगते. ती गेली की टर्बो फिरतोय पण गाडीला पिकअप नाही, अशी तक्रार येते. मग उपाय म्हणून पंपाचा स्क्रू पिळतात आणि काळा धूर सुरू होतो. तिसरी गोष्ट थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणारा व्हॉल्व्ह. ‘मुंबईच्या उकाड्यात कशाला’ हा युक्तिवाद ठाण्यापासून पनवेलपर्यंत ऐकू येतो. थर्मोस्टॅटविना इंजिन पुरेसं तापत नाही, डिझेल जास्त जळतं, लायनर लवकर झिजतात.

व्हॅक्यूमची गोष्ट जरा नीट बघा, कारण तिचा संबंध ब्रेकशी आहे. 407 चा ब्रेक बूस्टर (पेडल हलकं करणारा डबा) अल्टरनेटरला जोडलेल्या व्हॅक्यूम पंपावर चालतो. ईजीआर व्हॅक्यूमचा असेल तर त्याची नळी याच लाइनवरच्या टी-मधून (तीन तोंडांची जोडणी) निघते. ईजीआर काढला आणि टी-चं तोंड उघडं राहिलं, किंवा टोपी सैल असली, तर पेडल दगडासारखं होतं. गाडी ताब्यात घेताना इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरूनच इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर गॅरेजच्या दारातून गाडी हलवू नका.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टरबद्दल हे गॅरेज ‘कोअर काढून देतो, आवाज खुलतो’ म्हणतं. आमचा स्पष्ट नकार. तुंबलेला असेल तर बदला, शाबूत असेल तर राहू द्या. आतल्या जाळीवर मौल्यवान धातूंचा थर असतो आणि भंगारात तिला वेगळा भाव मिळतो. तुमची जाळी कुठे जाते ते बिलावर दिसत नाही.

कॉमन रेल इंजिनासाठी, म्हणजे जिथे डिझेल किती सोडायचं ते संगणक ठरवतो, सफाई घेऊच नका. तिथे ईसीयू (तोच संगणक) एअर फ्लो सेन्सरच्या आकड्यावरून ईजीआर चालतो की नाही ते ओळखतो. प्लेट मारली की पी-0401 कोड, डॅशबोर्डवर दिवा, आणि पुष्कळ गाड्या लिंप मोडमध्ये, म्हणजे ताकद मुद्दाम कमी केलेली. मग रीमॅप (ईसीयूचा प्रोग्राम बदलणं) करायला लॅपटॉपवाला बाहेरून येतो, त्याची हमी गॅरेज घेत नाही. 6,500 मध्ये इंजिन मोकळं होण्याऐवजी आणखी एक माणूस पगारावर लागतो. त्यापेक्षा ईजीआर व्हॉल्व्ह साफ करून घ्या, कूलर दाबाखाली तपासून घ्या आणि बसवा. बीएस-6 इंजिन कोणी स्वस्तात दाखवलं तर तिकडे बघूही नका. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) आणि त्याचे सेन्सर जुन्या चासीत नीट बसवणं हे या शेडचं काम नव्हे.

कागदांच्या बाबतीत गॅरेज हात वर करतं, ‘आरटीओचं तुम्ही बघा’. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीवरच्या तपशिलाशी न जुळणारा बदल मनमानीने करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-ए खाली विनापरवाना प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. म्हणून इंजिन उतरवण्याआधी एमएच-04 किंवा एमएच-43 जिथली गाडी असेल तिथे लेखी अर्ज द्या, इंजिन नंबर असलेलं बिल जोडा. इंजिन ज्या मानकाचं म्हणून दाखवाल, त्या मानकाचं सामान त्यावर असायला हवं असं धरूनच अर्ज करा. ईजीआर काढायचा की नाही हेही तिथेच विचारून घ्या. पीयूसीला बीएस-4 च्या आधीच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा 65 हार्ट्रिज युनिट (धुराचा दाटपणा मोजायचं एकक), बीएस-4 ला 50. पंपाचा स्क्रू पिळलेली गाडी पहिल्या रेसलाच पकडली जाते. आणि 50 वर्षांपुढची विलीज पिकअप कोणी दारात उभी ठेवली असेल तर तिला हात लावू नका: 2021 च्या नियमांप्रमाणे ‘व्हीए’ व्हिंटेज नोंदणीसाठी इंजिनात बदल झालेला चालत नाही.

मेकॅनिकल टर्बोसाठी पाचपैकी साडेतीन, कॉमन रेलसाठी दोन. 6,500 ची ओळ दोन भागांत तोडून मागा, प्लेट आणि मॅनिफोल्ड सफाई एवढंच घ्या, साधारण 3,500 पर्यंत येतात. निघालेलं सगळं सामान, पाइप, कूलर, व्हॉल्व्ह, ब्रॅकेट, बोल्टसकट गोणीत भरून परत घ्या, आणि बिलावर ‘सुटे भाग ग्राहकाला परत’ असं लिहून सही घ्या. आरटीओने ईजीआर परत बसवायला सांगितला तर तोच कूलर दुसऱ्या इंजिनातून शोधत तुर्भ्यापासून वागळे इस्टेटपर्यंत हिंडावं लागत नाही.