टोपोशीटचा रिव्ह्यू: उजनीच्या पाण्याखालचं पळसदेव शोधताना

सर्व्हे ऑफ इंडिया या सरकारी नकाशा खात्याची 1:50,000 ची टोपोशीट, म्हणजे जमिनीचे चढउतार, नद्या, वाटा, वस्त्या दाखवणारा तपशीलवार नकाशा, वापरून बघितली. छोट्या गावाचा भूगोल-इतिहास शोधायचा असेल तर माझ्याकडून 5 पैकी साडेचार. मोबाईलवरच्या मॅपमध्ये हॉटेल आणि पेट्रोल पंप आधी दिसतात, वाडीवस्ती झूम करत करत हुडकावी लागते, इथे मात्र चार झोपड्यांची वस्ती, विहीर, देऊळ, बैलगाडीची वाट, सगळं एका कागदावर असतं.

मला बघायचं होतं इंदापूर तालुक्यातलं जुनं पळसदेव. भीमेवरचं उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झालं, त्याच्या फुगवट्यात मूळ गाव गेलं आणि नवं गाव पुणे-सोलापूर हायवेजवळ वसलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसनाथाचं देऊळ बाहेर येतं, लोक जातात, फोटो काढतात. पण देवळाभोवतीचं गाव कसं होतं ते फोटोत कुठे दिसणार? म्हणून एका ग्रंथालयात धरणाच्या आधीची शीट मिळवली (शीटच्या जुन्या नंबरिंगमध्ये 47 जे चा भाग) आणि सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशे पोर्टलवरून नव्या शीटची पीडीएफ मोफत उतरवली, दोन्ही शेजारी ठेवल्या आणि अर्धा दिवस कसा गेला कळलंच नाही. नव्या शीटवर निळाच निळा यशवंतसागर, म्हणजे उजनीचा जलाशय पसरलाय, जुनीवर तिथेच नदीचं वळण आणि काठाला टेकलेलं गाव. गावाकडे येणाऱ्या वाटा बघा, त्या सगळ्या नदीच्या दिशेने येतात, आज हायवे धरून राहणाऱ्या गावाचं तोंड तेव्हा भीमेकडे होतं हे एका नजरेत कळतं.

वाचायला थोडा सराव लागतो. 1 सेंटीमीटर म्हणजे 500 मीटर. तपकिरी समोच्च रेषा (सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या) उंचीच्या 20-20 मीटरवर, त्या दाटल्या की चढ, लांब लांब गेल्या की सपाटी. पिवळा रंग शेतीचा, हिरवा जंगलाचा, आणि ओढा काळ्या रेषेत असेल तर तो कोरडा पडणारा समजायचा. हे एकदा डोक्यात बसलं की वस्ती तिथेच का झाली हे आपोआप सुचायला लागतं, पाणी जवळ पण पुराच्या जरा वर, काळी शेताला आणि पांढरी घरांना. इंदापूरकडे जमीन एवढी सपाट आहे की समोच्च रेषा कमीच येतात, त्यामुळे गावठाणाचा छोटा उंचवटा 20 मीटरच्या दोन रेषांमध्ये हरवून जातो. अर्धा स्टार तिथेच कापला.

अजून एक सांभाळा. नावं रोमन लिपीत असतात, ड आणि द ला एकच अक्षर, ळ तर नाहीच, त्यामुळे वाडीचं खरं नाव गावातल्या माणसाकडूनच वदवून घ्या. आणि शीटच्या समासात सर्वेक्षणाचं साल असतं ते आधी वाचा, साल न बघता दोन शीटची तुलना म्हणजे फुकट मेहनत.

प्रिंटच्या बाबतीत मला फटका बसला. दुकानदाराने कागदात बसवायला पीडीएफ लहान करून छापली, मग मी पट्टीने मोजलेलं प्रत्येक अंतर चुकलं. दुकानात 'शंभर टक्के साईज' असं ठासून सांगा, एक शीट अक्षांश-रेखांशाच्या 15 मिनिटं बाय 15 मिनिटांची (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग), आपल्याकडे 700 चौरस किलोमीटरच्या वर जागा येते, मोठाच कागद लागतो.

दुसऱ्यांदा नीट छापलेली प्रत आणि जुन्या शीटची झेरॉक्स घेऊन नव्या पळसदेवच्या पारावर बसलो. एका आजोबांनी चष्मा पुसला, बराच वेळ बघितलं, मग देवळाच्या खुणेवर बोट ठेवलं आणि तिथून सरकवत सरकवत सांगत गेले, "ही वाट, हितनं खाली घाट, आन् हितं आमचं घर."