लिचेस स्टडी : वही म्हणून पैकीच्या पैकी, डेटाबेस म्हणून काठावर पास

बुद्धिबळाच्या प्रशिक्षकाने चेसबेस या डाव साठवायच्या प्रोग्रॅमची सीबीएच फाइल ई-मेलने पाठवायची आणि विद्यार्थ्याकडे ती उघडायचीच नाही, हा घोळ अजूनही होतो. चेसबेसचा डेटाबेस म्हणजे एकाच नावाच्या अनेक फाइलींचा संच. सीबीएचमध्ये डावांचे मथळे, चाली सीबीजीमध्ये, शेरे सीबीएमध्ये. अख्खा संच सीबीव्हीमध्ये बांधूनच पाठवावा लागतो. स्किड या फुकट मिळणाऱ्या तशाच प्रोग्रॅमच्या एसआय४ प्रकारातही तीन फाइली असतात, त्यातली एक राहिली की बाकीच्या दोन निरुपयोगी. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावरच्या ‘स्टडी’त, म्हणजे डाव आणि शेरे लिहायच्या सामायिक वहीत, हा प्रश्नच येत नाही. दुवा पाठवायचा, ब्राउझरमध्ये पट उघडतो. पैसे नाहीत, जाहिराती नाहीत.

मात्र स्टडी उघडल्याबरोबर दुवा पाठवू नका, आधी सेटिंग बघा. सार्वजनिक स्टडी कुणालाही शोधून सापडते. ‘अनलिस्टेड’ शोधात येत नाही, पण दुवा ज्याच्या हाती पडेल त्याला उघडते. स्पर्धेतल्या प्रतिस्पर्ध्यासाठी केलेली तयारी असेल तर फक्त निमंत्रितांसाठीचा पर्याय निवडा आणि ‘क्लोनिंग’ही बंद करा, नाहीतर एखादा सभासद पूर्ण नक्कल स्वतःच्या खात्यात नेऊ शकतो. निमंत्रण पोहोचत नसेल तर बहुतेक वेळा विद्यार्थ्याच्या खात्यात स्टडीची निमंत्रणं बंद केलेली असतात.

नवख्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो पटाखालच्या दोन बटणांवर. ‘सिंक’ चालू असेल तर सगळे एकाच स्थितीवर राहतात. प्रशिक्षकाने चाल पुढे नेली की विद्यार्थ्याचा पटही हलतो. ‘रेक’ चालू असेल तर केलेली चाल सर्व्हरवर जतन होते. शिकवताना प्रशिक्षकाची दोन्ही चालू हवीत. विद्यार्थ्याला ‘वजीर इथे ठेवला तर?’ असं स्वतःपुरतं तपासायचं असेल, तर त्याने दोन्ही बंद करावीत. लेखनाचा हक्क असलेला विद्यार्थी रेक चालू ठेवून चाचपडत बसला, तर त्याची प्रत्येक फुसकी चाल उपशाखा होऊन चालींच्या झाडाला चिकटते. उलट रेक बंद असताना तासभर केलेलं विश्लेषण पान बंद केल्यावर गेलं, ही तक्रारही नेहमीचीच. म्हणून वर्गातल्या मुलांना प्रेक्षक ठेवावं आणि लेखनाचा हक्क तयारीतल्या जोडीदारापुरताच द्यावा. चुकून खोडलेली शाखा परत आणायची सोय नाही, जुन्या आवृत्त्याही साठत नाहीत. मोठी दुरुस्ती करण्याआधी स्वतः एक क्लोन काढून ठेवणं, एवढाच उपाय.

शिकवण्यासाठी खरी किंमत आहे चॅप्टरच्या, म्हणजे स्टडीतल्या एकेका भागाच्या, प्रकारांना. ‘पुढच्या चाली लपवा’ हा प्रकार जुने गाजलेले डाव ओळखायला लावण्यासाठी उत्तम. हत्ती-प्याद्याच्या अंतिम डावासाठी ‘संगणकाशी सराव’ घ्या, कारण तिथे जिंकायची स्थिती खरोखर जिंकून दाखवावी लागते. ‘इंटरॅक्टिव्ह लेसन’ला मेहनत लागते. विद्यार्थी पटाच्या खालच्या बाजूने खेळतो, म्हणून काळ्याचा धडा असेल तर पटाची दिशा बदलायला विसरू नका. मुलं हमखास करतील अशा दोन-तीन चुकीच्या चाली उपशाखा म्हणून घालून प्रत्येकीखाली ती का चुकते ते लिहा, उरलेल्या सगळ्यांसाठी एक सामायिक उत्तर आणि एक सूचना ठेवा. नुसतं ‘चूक’ लिहिलेला धडा मुलं अंदाजाने क्लिक करत संपवतात. इंजिन, म्हणजे संगणकाचं विश्लेषण, कुणाला दिसावं हे सेटिंगमध्ये ठरवता येतं. धड्याच्या वेळी ते स्वतःपुरतंच ठेवा.

आता उणी बाजू. एका स्टडीत ६४ चॅप्टर मावतात, म्हणजे डावही तेवढेच. शिवाय वेगवेगळ्या चालक्रमांनी तीच स्थिती आली तरी झाड ती एक मानत नाही. कारो-कान सुरुवातीचा पानोव्ह प्रकार आणि निम्झो-इंडियन यांच्या सीमेवरच्या शाखांमध्ये तोच मजकूर दोनदा लिहावा लागतो आणि पुढे एकाच ठिकाणी दुरुस्त होतो. स्वतःच्या सगळ्या स्टडींमध्ये मिळून एखादी स्थिती शोधायची सोयही नाही. आधीच्या डावांत त्या स्थितीत काय खेळलं गेलं ते दाखवणारा ओपनिंग एक्सप्लोरर त्याच पटावर मिळतो. त्याच्या मास्टर्स भागात २२०० आणि त्यावरच्या फिडे रेटिंगच्या खेळाडूंचे १९५२ पासूनचे डाव आहेत. पण तो लिचेसचा साठा, तुमचा नव्हे.

त्यामुळे साठा संगणकावर आणि निवडलेलं स्टडीत, अशी विभागणीच चालते. मार्क क्राउदर यांच्या ‘द वीक इन चेस’ या संकेतस्थळावर स्पर्धांमधले डाव दर आठवड्याला पीजीएनमध्ये, म्हणजे डाव साध्या मजकुरात लिहायच्या फाइल-प्रकारात, फुकट मिळतात. ते स्किडमध्ये भरा, प्रतिस्पर्ध्याचं नाव आणि रंग लावून चाळणी मारा, अलीकडचे तीसेक डाव पीजीएनमध्ये काढा आणि स्टडीत चिकटवा. प्रत्येक डावाचा वेगळा चॅप्टर आपोआप होतो. पांढऱ्याचे आणि काळ्याचे डाव दोन स्टडींत ठेवा. लिचेसवर खेळलेल्या डावांच्या मासिक फाइली मात्र या कामासाठी उतरवू नका. त्या झेडएसटीमध्ये दाबलेल्या असतात आणि उलगडल्यावर सुमारे सातपट फुगतात. साध्या लॅपटॉपची डिस्क भरायला एका अलीकडच्या महिन्याची फाइलही पुरते.

मराठीत शेरे लिहिणाऱ्यांना एक इशारा. स्टडीत देवनागरी नीट दिसते, निर्यातही नीट होते. पण पीजीएनचं मूळ प्रमाण १९९० च्या दशकातलं आणि लॅटिन अक्षरांपुरतं, त्यामुळे जुन्या प्रोग्रॅममध्ये ‘घोडा डी५ वर बसवा’च्या जागी अगम्य चिन्हं येतात. हिरवे-लाल बाण पीजीएनमध्ये शेऱ्याच्या आत सांकेतिक मजकूर म्हणून जातात. स्किड आणि चेसबेस ते ओळखतात, साधे वाचक तो मजकूर तसाच छापतात. विद्यार्थ्यांना छापील पानं द्यायची असतील तर छापण्याआधी शेरे आणि उपशाखा ठेवून बाणांचा मजकूर तेवढा काढून टाकलेला बरा.