जुन्या जीपमध्ये जीपीएस मीटर : नऊ महिन्यांचा हिशेब

गाडी १९७८ ची महिंद्रा सीजे ३ बी. पेट्रोल. एका साखर कारखान्याच्या लिलावात आबांनी घेतलेली, तेव्हा मी पाचवीत होते. इंजिन अजून तेच, ‘हरिकेन’ नावाचं. बॉनेट बाकीच्या जीपपेक्षा उंच दिसतं तेही त्याच्याचमुळे. हवा-पेट्रोल आत घेणारे इनटेक व्हॉल्व्ह वर आल्याने इंजिनची उंची वाढली आणि मूळ जीप बनवणाऱ्या अमेरिकेतल्या विलीजवाल्यांनी १९५३ मध्ये बॉनेटच वर उचललं. पुढे आपल्याकडे महिंद्राने तोच चेहरा वर्षानुवर्षं चालवला. हे सांगायचं कारण म्हणजे या उंच लोखंडी बॉनेटशी माझी पुढे मारामारी झाली.

वेगाचा मीटर, म्हणजे स्पीडोमीटर, बदलायची वेळ माझ्याच हाताने आली. काटा चाळीस ते साठच्या मध्ये कुठेही नाचायचा. खालून फेरे मीटरपर्यंत आणणारी केबल कोरडी पडली की असं होतं हे मला माहीत होतं, म्हणून मी केबल बाहेर ओढली आणि चांगलं बोटभर ग्रीस चोपडलं. केबलला ग्रीस अगदी बेताने लावायचं असतं, तेही खालच्या बाजूला. वरची काही इंच कोरडीच ठेवायची. मी वरपर्यंत माखलं. केबल फिरता फिरता ते ग्रीस तिच्या वेटोळ्यांवरून चढत थेट मीटरच्या पोटात गेलं. आठवडाभराने गाडी दारात उभी, इंजिन बंद, आणि काटा ऐंशीवर.

आत काय झालं तेही सांगते. या मीटरची करामत १९०२ पासूनची आहे. ऑटो शुल्झे नावाच्या जर्मन माणसाने पेटंट घेतलं होतं. केबलमुळे एक लोहचुंबक फिरतो आणि त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते. दोघं एकमेकांना शिवत नाहीत, पण फिरणारा चुंबक त्या वाटीला ओढतो. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत काटा जिथे थांबेल तो वेग. आता त्या वाटीत आणि चुंबकात ग्रीस भरलं की कसली ओढाताण!

दोन मीटरवाल्यांनी हात वर केले. तसाच नवा केबलचा मीटर मिळत होता आणि मी तो घेणारही होते. पण त्याआधी एक गंमत लक्षात आली होती. मीटर धड असताना एकदा कोल्हापूरहून कागलच्या रस्त्याला मोबाईलचं जीपीएस लावून बघितलं, तर मीटरवर ६० आणि मोबाईलवर ५४. केबल ट्रान्सफर केसवरून, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीवरून निघते. म्हणजे ती मागच्या चाकांकडे जाणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचे फेरे मोजते, चाकाचे नाही. कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये कुणीतरी कधीतरी क्राउन-पिनियन, म्हणजे त्या शाफ्टचे फेरे चाकांना देणारी दातेरी जोडी, बदललेली असणार आणि स्पीडोमीटरचं गियर मात्र तसंच राहिलं असणार. म्हणजे नवा केबलचा मीटर आणला तरी तो तेच खोटं नव्या काचेआडून सांगणार.

म्हणून जीपीएसचा मीटर. त्याला क्राउन-पिनियनशी, टायरच्या मापाशी, कशाशी देणंघेणं नाही. उपग्रहाकडून वेग घ्यायचा आणि काटा हलवायचा. ८५ मिलिमीटरचा गोल मीटर, काळी डायल, खरा काटा, खाली किलोमीटरची छोटी एलसीडी पट्टी, सोबत तीन मीटर वायरचा डबीएवढा अँटेना. साडेपाच हजार पडले. खोक्यावर बोटीचं चित्र होतं, कारण हे मीटर मुळात बोटींसाठी बनतात. आमच्या गल्लीतल्या एकाने विचारलंच, ‘ताई, गाडी रंकाळ्यात घालणार काय?’ हसले तेव्हा, पण उघड्या जीपला बोटीचा मीटरच बरा. पाऊस दोन्हीकडून येतो. ही डायल तुम्ही कुठल्या दिशेला चाललाय तेही अंशांत दाखवते. राधानगरीला जाताना त्याचा मला काडीचा उपयोग झालेला नाही.

बसवताना माझी एकच अट होती : डॅशबोर्डला नवं भोक पाडायचं नाही आणि आहे ते वाढवायचं नाही. २०२८ ला गाडीला पन्नास वर्षं होतील. २०२१ च्या नियमांनुसार पन्नाशी ओलांडलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण तिच्यात मोठे फेरफार केलेले चालत नाहीत. नोंदवायची की नाही ते ठरलेलं नाही, कारण मग ती रोज बाहेर काढता येणार नाही. पण दार उघडं ठेवलेलं बरं. जुना मीटर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, जुन्या बनियनमध्ये गुंडाळून ठेवला आहे.

माझ्या डॅशबोर्डचं भोक आधीच कुणीतरी कानशीने वाढवून ठेवलेलं निघालं, त्यामुळे नवा मीटर त्यात खुळखुळायला लागला. शिवाजी उद्यमनगरात एका लेथवाल्या मिस्त्रींकडे मीटर आणि कागदावर काढलेला गोल घेऊन गेले. त्यांनी कागद बाजूला ठेवला, व्हर्नियर घेऊन रस्त्यावर आले आणि गाडीतलं भोक चार ठिकाणी मोजलं. ‘गोल नाही हे, ताई. अंडं आहे.’ मग ॲल्युमिनियमची रिंग कातली, बाहेरच्या बाजूला एक पट्टी ठेवली म्हणजे अंडं झाकलं जाईल, आणि मागून चिमट्यासारखी पकड दिली. चारशे रुपये. मॅट काळा रंग मारला. या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत चांगलं काम हे.

वायरिंग कागदावर सोपं. लाल इग्निशनला, काळी अर्थला, पिवळी पार्किंगच्या स्विचला म्हणजे दिवे लावले की डायल उजळते. एका सकाळीत झालं आणि दुपारी त्रास सुरू झाला. सेल्फ मारला की मीटर मरायचा. काटा गर्रकन शेवटपर्यंत जाऊन परत यायचा आणि पुन्हा उपग्रह शोधत बसायचा. सेल्फ फिरताना बॅटरीचे व्होल्ट पडतात हे खरं, पण एवढे पडायला नको होते. अर्थ मी डॅशबोर्डच्या पत्र्यालाच दिला होता, आणि तो पत्रा आणि बॅटरी यांच्यामध्ये पंचेचाळीस वर्षांचा गंज. बॅटरीच्या निगेटिव्हवरून सरळ वेगळी वायर आणली, तेव्हा त्रास जवळपास संपला. जुन्या गाडीत कुठलीही इलेक्ट्रॉनिक वस्तू घालणार असाल तर आधी अर्थ बघा. माझे दोन रविवार यात गेले.

अँटेना मी डॅशबोर्डखाली लपवला होता, दिसायला बरं म्हणून. चारी बाजूंनी लोखंड, आणि पुढे तेच उंच बॉनेट. मीटर पाच-पाच मिनिटं शून्यावर. शेवटी तो काचेच्या फ्रेमखाली, डॅशबोर्डच्या वरच आणून डबल टेपने चिकटवला. कॅनव्हासचं छप्पर सिग्नल अडवत नाही, एवढी एक गोष्ट माझ्या बाजूने होती. एप्रिलच्या उन्हात टेप वितळली आणि अँटेना घरंगळत माझ्या पायाशी आला. आता खाली छोटा चुंबक आहे, तो हललेला नाही.

आता वापराचं.

सपाट रस्त्यावर, एका वेगाने चालताना, मीटर चोख आहे. मोबाईलशी कितीदा ताडून बघितलं, एकाच्या वर फरक नाही. रात्री उलट तक्रार : उजेड फार. जुन्या मीटरचा तो पिवळट बल्ब कसाबसा दिसायचा, हा मात्र निळसर झळाळीने डोळ्यात जातो. कमी-जास्त करायची सोय नाही. डायलच्या कडेला मी फिल्मचा तुकडा लावून काम भागवलंय. आणि पोलराइज्ड गॉगल घातला की खालची एलसीडी पट्टी ठार काळी दिसते. मला आधी वाटलं पट्टी गेली. मान तिरकी केली तर आकडे हजर.

वेग बदलताना तो मागे राहतो. फार नाही, सेकंदभर. पण घाटात वळणावर ब्रेक मारता आणि काटा अजून आधीच्या वेगावर रेंगाळतो, तेव्हा त्याच्याकडे बघण्यात अर्थ नसतो. घाटात मी मीटर बघतच नाही, इंजिनचा आवाज ऐकते. म्हणून मला ते खुपलं नाही, नव्याने शिकणाऱ्याला खुपेल.

बोगद्याचं मात्र मला माहीत असूनही दचकायला झालं. साताऱ्याकडून पुण्याला जाताना खंबाटकीचा घाट लागत नाही, बोगदा लागतो. फेब्रुवारीत तिथून गेले. आत शिरल्यावर काटा क्षणभर जिथल्या तिथे राहिला आणि मग सावकाश खाली खाली जात शून्यावर बसला. गाडी पन्नासने पळतेय, मागे ट्रकचा हॉर्न, आणि मीटर सांगतोय आपण उभे आहोत. बाहेर पडल्यावर पाच-सात सेकंदांत सावरला. बोगद्यातलं अंतर अर्थात त्याच्या हिशेबात नाही. परत येताना घाट चढूनच आले, तिथे काही नाही.

जुलैत गगनबावड्याला नेली, कारण मीटर बोटीचा आहे हे एकदा तपासायचंच होतं. तिथला पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. वरून पाऊस, समोर धुकं, आणि बाजूचे पडदे नावालाच. मीटर बंद पडला नाही, पण परत आल्यावर काचेच्या आतून वाफ धरलेली. पाणी समोरून गेलं नव्हतं. मागे जिथून वायरी आत जातात तिथली रबरी बुचं ढिली होती. मीटर काढला, चार दिवस तांदळाच्या डब्यात पुरला, आणि मागे सिलिकॉन भरलं. त्यानंतर दोन मोठे पाऊस खाल्ले, काच स्वच्छ आहे. वॉटरप्रूफ असं लिहिलंय ते पुढच्या निम्म्याबद्दल खरं आहे.

आता ॲव्हरेजची गोष्ट, जी मी कुठल्याच रिव्ह्यूमध्ये वाचली नव्हती.

आबा गाडी घेतल्यापासून वही ठेवतात. तारीख, लिटर, किलोमीटर, भागाकार. गाडी साडेआठ देते हे आमच्या घरात पाढ्यासारखं पाठ. नवा मीटर बसल्यावर पहिल्या टाकीला आलं ७.७. दुसऱ्या टाकीला पुन्हा ७.७. आबा म्हणाले, ‘वायरिंग करताना काहीतरी हलवलंस तू.’ मलाही तसंच वाटलं. कार्बोरेटर उघडून साफ केला, प्लग बदलले, पॉइंटचा गॅप बघितला, टायरची हवासुद्धा बघितली. ७.७.

मग एका संध्याकाळी वही चाळताना दिसलं : ‘घर ते गगनबावडा – ६१.’ दर वेळी ६१. नव्या मीटरवर तेच अंतर ५५ आणि वर थोडं. आणि रस्त्यावरचे किलोमीटरचे दगड ५५ च्याच बाजूने. वेग शेकडा दहा जास्त दाखवणारा मीटर किलोमीटरही शेकडा दहा जास्तच मोजत होता. साधी गोष्ट. वेगाचा फरक मी स्वतः मोबाईलवर पाहिला होता, तरी तो ॲव्हरेजशी जोडायला मला तीन महिने लागले. गाडी कधीच साडेआठ देत नव्हती. आबांना दाखवलं. त्यांनी वही घेतली, चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, ‘कारखान्याचे ड्रायव्हर भत्ता किलोमीटरवर घ्यायचे. त्यांनीच गियर बदललं नसेल कशावरून?’ आता वहीत दोन रकाने आहेत. जुन्याला त्यांनी ‘कारखाना किमी’ असं नाव दिलंय.

सेन्सरवाला मीटर घ्यावा का, असं दोघा-तिघांनी विचारलं. ट्रान्सफर केसवर केबलच्या जागी सेन्सर बसतो आणि तो फेऱ्यांचे पल्स, म्हणजे विजेचे ठोके, मोजतो. बोगद्यात थांबत नाही, सेकंदभर मागे राहत नाही. पण आधी एका किलोमीटरला किती पल्स ते बसवून द्यावं लागतं, आणि टायरचं माप बदललं की पुन्हा. गाडी रोज एक्सप्रेसवेच्या बोगद्यांतून जाणार असेल तर तोच घ्या. माझ्यासारखी कोल्हापूर-राधानगरी-गगनबावडा करणार असाल तर जीपीएस पुरे.

एक सूचना. केबल नुसती सोडून देऊ नका. मी वरचं टोक डॅशबोर्डखाली बांधून ठेवलं होतं, तर ती आपली फिरतच होती. टिक टिक टिक. आबांना ते फार आवडायचं. त्यांच्या मते नवा काटा थरथरत नाही म्हणजे मीटर बंदच आहे, आणि खरा मीटर खाली चालू आहे, ऐक. पण ती तशी फिरत राहिली तर कधीतरी पेडलमध्ये अडकणार. शेवटी खालून काढली. मग ट्रान्सफर केसच्या त्या तोंडातून तेल झिरपायला लागलं, म्हणून परत उद्यमनगर, परत तेच मिस्त्री, पितळी टोपी कातून घेतली. केबल त्याच बिस्किटांच्या डब्यात आहे.

नऊ महिने, नव्या मीटरवर ४,३०० किलोमीटर. परत घ्यायचा झाला तर हाच घेईन, फक्त बसवायच्या आधीच मागे सिलिकॉन भरीन. पुढचं काम पेट्रोलचा काटा. तो गेली सहा वर्षं अर्ध्यावर आहे.