जिम्नीला दोन इंच लिफ्ट: नऊ महिन्यांनंतर

लिफ्ट करून, म्हणजे सस्पेन्शन उंच करून, गाडी घरी आणली तेव्हा बायको म्हणाली, "आता आईंना चढायला स्टूल लागणार." तेव्हापासून मागच्या सीटखाली एक स्टूल कायमचं आहे.

गाडी मारुतीची फोर बाय फोर, फाइव्ह डोअर जिम्नी, मॅन्युअल. पावसाळ्यात केळदच्या बाजूला चाकोऱ्यांमधल्या उंचवट्यावर पोट टेकायचं. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) 2590 मिमी आणि रॅम्पओव्हर अँगल (पोट न टेकता किती टोकदार उंचवटा ओलांडता येतो तो कोन) 24 अंश, मग दुसरं काय होणार! म्हणून दोन इंच उंच कॉइल स्प्रिंग आणि लांब शॉकअप टाकले.

पोट टेकणं थांबलं, पण डिफरन्शियलचा गोळा (अ‍ॅक्सलवरची, म्हणजे डावं-उजवं चाक जोडणाऱ्या आडव्या दांड्यावरची, गिअरची पेटी) दगडाला पूर्वीसारखाच लागायचा. स्प्रिंगने बॉडी वर जाते, अ‍ॅक्सल चाकाच्या मध्यावरच राहतो, हे मला पैसे मोजल्यावर कळलं. मग 195/80 आर15 काढून 235/75 आर15 टायर घातले. व्यास 40 मिमीने वाढला, त्यातले निम्मे, म्हणजे 20 मिमी, गोळ्याखाली मिळाले. लिफ्ट नसती तर हे टायर कमानीत घासले असते, तेवढा तिचा उपकार.

डोकं खाल्लं ते लिंकनी, म्हणजे अ‍ॅक्सलला चासीशी जोडणाऱ्या दांड्यांनी. अ‍ॅक्सलला डावी-उजवीकडे सरकू न देणाऱ्या आडव्या पॅनहार्ड रॉडचं एक टोक चासीला, दुसरं अ‍ॅक्सलला. गाडी उचलली की तो अ‍ॅक्सलला बाजूला ओढतो. मागचं एक चाक कमानीबाहेर बोटभर डोकावत होतं, दुसरं तेवढंच आत. पुढे लीडिंग आर्म (अ‍ॅक्सलपासून मागे चासीकडे जाणारे दांडे) खाली झुकल्यामुळे अ‍ॅक्सल किंचित फिरला आणि कास्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कललेला कोन, कमी झाला. स्टीअरिंग सरळ परत येतं ते त्याच्यामुळे. वळण संपलं तरी स्टीअरिंग आपणहून सरळ येईना, हायवेला ऐंशीच्या पुढे गाडी तरंगायची. गॅरेजवाला म्हणे, अलाइनमेंट करा. तीनदा केली! या अ‍ॅक्सलवर अलाइनमेंटला फक्त टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलेली) बदलता येतो, कास्टरला मुळात अ‍ॅडजस्टमेंटच नाही.

शेवटी दुसऱ्या मिस्त्रीकडे आर्मचे जुने बुश (सांध्यातली रबरी नळकांडी) प्रेसवर काढून ऑफसेट कास्टर बुश, म्हणजे भोक मध्यापासून सरकवून कास्टर परत आणणारे, बसवले आणि दोन्ही पॅनहार्ड रॉड लांबी बदलता येणारे घेतले. त्या दिवशी घरी येताना स्टीअरिंग हातातून सरकत परत जागेवर आलं, बरं वाटलं. हे सामान लिफ्टसोबतच घ्या. आणि आरटीओ, विमा, वॉरंटीचं आधी विचारा. मी नंतर विचारलं.

अ‍ॅव्हरेज 14 वरून 12 वर आलंय, चढावर पाचवा गिअर विसरायचा. मागच्या पॅनहार्डचा पॉलियुरेथेन बुश थंडीत सकाळी कुरकुरतो. ग्रीस मारलं की आठवडाभर गप्प.